इंजिनाचा प्रेशर सेन्सर खरोखर बिघडला आहे का? घरच्या घरी तपासण्याची पद्धत

पांढुर्णा आणि सौंसर ही गावे नागपूरचे मैदान आणि सातपुड्याचे पठार यांच्या मधल्या पायरीवर वसलेली आहेत. पांढुर्ण्याहून बैतूलकडे निघालेली गाडी मुलताईपर्यंत चढत जाते, तर सौंसरहून छिंदवाड्याकडे निघालेल्या गाडीला रामाकोना मागे टाकल्यावर सिल्लेवानी घाट चढावा लागतो. इंजिनाच्या दाबाशी संबंधित बिघाड असेल, तर तो अशा चढावर हमखास उघडा पडतो. गाडीचा पिकअप पडतो, सायलेन्सरमधून काळा धूर येतो, डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. पुढे गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला की निदान ऐकायला मिळते : प्रेशर सेन्सर गेला, बदलावा लागेल.

हे निदान कधी खरे असते. पण पुष्कळदा सेन्सर निर्दोष असतो. त्याच्याकडे जाणारी रबरी नळी फाटलेली असते, कनेक्टरमध्ये पावसाचे पाणी शिरलेले असते, उंदराने वायर कुरतडलेली असते, किंवा इंजिनातला दाब खरोखरच बिघडलेला असतो आणि सेन्सर तेच प्रामाणिकपणे सांगत असतो. या शेवटच्या प्रकारात सेन्सर बदलणे म्हणजे ताप उतरवण्यासाठी थर्मामीटर बदलण्यासारखे आहे. पैसे जातात, दिवा काही दिवसांनी पुन्हा लागतो, आणि मधल्या काळात इंजिनाचे खरे दुखणे वाढत राहते.

सेन्सर खरे सांगतो की खोटे, हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. इंजिन बंद असताना प्रत्येक दाबाचे खरे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असते. म्हणून चावी फिरवून इग्निशन चालू करावे, इंजिन मात्र सुरू करू नये, आणि त्या क्षणी सेन्सर काय सांगतो ते पाहावे. घरगुती तपासणीचा सारा पाया एवढाच आहे.

दाब मोजणारे चार सेन्सर

‘प्रेशर सेन्सर’ या एका नावाखाली गाडीत निरनिराळी उपकरणे असतात. तक्रार नेमकी कोणाची, हे आधी ठरवावे लागते.

पहिला मॅप सेन्सर. इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गात, हवेचा दाब किती आहे ते तो मोजतो. त्यावरून इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, हवेचे प्रमाण काढतो आणि त्या मानाने इंधन सोडतो. टर्बो असलेल्या गाड्यांत टर्बोने वाढवलेला दाबही याच जातीचा सेन्सर मोजतो.

दुसरा इंजिन ऑइलचा दाब पाहणारा. बहुतेक गाड्यांत हा खऱ्या अर्थाने सेन्सर नसून साधा स्विच असतो. दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की तो डॅशबोर्डवरचा तेलाच्या झारीच्या चित्राचा लाल दिवा लावतो.

तिसरा फ्युएल रेलचा, म्हणजे इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या नळीतला दाब मोजणारा. चौथा बीएस-६ डिझेल गाड्यांतला, काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या, म्हणजे डीपीएफच्या, अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक मोजणारा. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ लागू झाल्यानंतर हा चौथा सेन्सर आपल्याकडे सर्रास दिसू लागला.

लाल दिवा आधी

पिवळा दिवा असेल तर सावकाश विचार करता येतो. लाल दिव्याच्या बाबतीत तशी सवड नसते. चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला, तर गाडी सुरक्षितपणे बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. पुढचा पेट्रोल पंप किंवा ओळखीचे गॅरेज गाठण्याचा मोह टाळावा. ऑइलचा दाब नसेल तर बेअरिंगवरचा तेलाचा पातळ थर नाहीसा होतो, धातूवर धातू घासतो आणि काही मिनिटांत इंजिन सीझ होऊ शकते. स्विच खराब असण्याची शक्यता असतेच. पण ती गाडी चालवत राहून पडताळायची नसते.

इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे आणि सपाट जागी डिपस्टिक पाहावी. पातळी खालच्या खुणेखाली असेल, तर बहुधा तेच कारण आहे. त्या वेळी गाडीखाली तेलाचे डाग आहेत का, हेही पाहावे. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि तेलाला डिझेलचा वास येत असेल, तर इंधन तेलात मिसळून तेल पातळ झाले आहे. डीपीएफची सफाई वारंवार अर्धवट राहणाऱ्या, म्हणजे कायम गावातल्या गावात फिरणाऱ्या डिझेल गाड्यांत हे घडते. तेल दुधी किंवा कॉफीच्या रंगाचे दिसले, तर त्यात कूलंटचे पाणी शिरले असण्याची शक्यता आहे. या तिन्ही स्थितींत सेन्सरचा विषय बाजूला ठेवावा. पातळी कमी असल्यास योग्य प्रतीचे तेल भरल्याखेरीज, आणि उरलेल्या दोन प्रकारांत मिस्त्रीने पाहिल्याखेरीज, इंजिन सुरू करू नये.

तेल नीट असेल तर स्विचची परीक्षा घ्यावी. चावी चालू आणि इंजिन बंद असताना ऑइलचा दाब शून्य असतो; म्हणून साध्या स्विचच्या गाडीत लाल दिवा लागलाच पाहिजे. तो लागत नसेल, तर दिवा, वायर किंवा स्विच यांपैकी काहीतरी निकामी आहे आणि खरा धोका आला तरी इशारा मिळणार नाही. दिवा लागत असेल तर इग्निशन बंद करून स्विचचा कनेक्टर काढावा आणि चावी पुन्हा चालू करावी. एका वायरीच्या नेहमीच्या स्विचमध्ये आता दिवा विझायला हवा. तो तसाच राहिला, तर ती वायर कुठेतरी सोलून बॉडीला टेकली आहे आणि स्विचचा दोष नाही. काही नव्या गाड्यांत स्विच उलट्या पद्धतीचे किंवा दोन टप्प्यांचे असतात. तिथे ही कसोटी लागू पडत नाही, म्हणून गाडीची पुस्तिका आधी पाहावी.

यापुढचे काम घरचे नाही. खरा दाब जाणून घेण्यासाठी मिस्त्री स्विच काढून त्या जागी काट्याचा गेज बसवतो. गरम इंजिनाचा दाब आयडलिंगवर साधारण एक बारच्या आसपास आणि रेस दिल्यावर तीन-चार बारपर्यंत, असा ढोबळ अंदाज असतो. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेतला धरावा. गेजवर दाब चांगला दिसला तरच स्विच बदलण्यात अर्थ आहे. ही मोजणी समोर करून दाखवा, असे सांगण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.

पिवळ्या दिव्याचे कोड

भारत स्टेज-४ गाड्यांत साधारण २०१३पासून, आणि त्यानंतरच्या बीएस-६ गाड्यांत, स्टिअरिंगखाली चालकाच्या गुडघ्याजवळ सोळा पिनांचे ओबीडी पोर्ट असते. ब्लूटूथवर चालणारा छोटा स्कॅनर त्यात बसवून मोबाइलवर कोड आणि चालू आकडे वाचता येतात. कोड लगेच पुसून टाकू नयेत. आधी ते लिहून घ्यावेत आणि कोडसोबत साठवलेली त्या क्षणाची माहिती, म्हणजे वेग, इंजिनाचे फेरे व तापमान, हीदेखील टिपावी. बिघाड घाटात झाला की उभ्या गाडीत, हे त्यावरून कळते.

मॅप सेन्सरचे कोड पी०१०५ ते पी०१०९ या पट्ट्यात येतात. त्यांपैकी पी०१०७ म्हणजे सिग्नल फार कमी, पी०१०८ म्हणजे फार जास्त. हे दोन्ही बहुधा वायरिंग, कनेक्टर किंवा सेन्सर यांच्याकडे बोट दाखवतात. पी०१०६ वेगळा आहे : सिग्नल येतो आहे, पण तो इंजिनाच्या स्थितीशी जुळत नाही. अशा वेळी फाटलेली नळी किंवा हवेची गळती आधी शोधावी. ऑइलच्या दाबाचे कोड पी०५२० ते पी०५२४ असून त्यांतला पी०५२४ दाब खरोखर कमी असल्याचे सांगतो. तो लाल दिव्याइतकाच गंभीर मानावा. फ्युएल रेलचे कोड पी०१९० ते पी०१९४, आणि डीपीएफचे पी२४५२ ते पी२४५५.

कोड हे निकालपत्र नव्हे. कोणत्या मंडलात विसंगती आढळली एवढेच तो सांगतो. दोषी कोण, हे तपासणीनेच ठरते.

पांढुर्ण्याची हवा किती दाबाची?

आता मॅप सेन्सरची मुख्य परीक्षा. इंजिन बंद असते तेव्हा मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा असते. म्हणजे चावी चालू करताच सेन्सरने त्या गावाच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे. टर्बोच्या सेन्सरलाही हेच लागू आहे. मात्र परदेशी पुस्तिकांत आणि व्हिडिओंत सांगितला जाणारा ‘शंभर ते एकशे एक किलोपास्कल’ हा आकडा समुद्रकिनाऱ्यावरचा आहे. तो मनात धरला, तर आपल्याकडचा चांगला सेन्सरही खराब ठरेल.

हवेचा दाब उंचीबरोबर घटतो. आपल्या उंचीवर दर ८५-९० मीटरला साधारण एक किलोपास्कल, असा हिशेब धरता येतो. त्यानुसार ३१० मीटर उंचीच्या नागपुरात अपेक्षित आकडा सुमारे ९७.५, साडेतीनशे मीटरच्या आसपासच्या सौंसरमध्ये सुमारे ९७, पावणेपाचशे मीटरच्या आसपासच्या पांढुर्ण्यात ९५ ते ९६, पावणेसातशे मीटरवरच्या छिंदवाड्यात सुमारे ९३.५ आणि साडेसातशे मीटरच्या मुलताईत ९२.५ किलोपास्कल. ऋतूप्रमाणे यात एखाद्या किलोपास्कलचा फरक पडतो. ऐन पावसाळ्यात दाब कमी आणि थंडीत जास्त असतो. स्कॅनर पीएसआयमध्ये आकडा दाखवत असेल, तर पांढुर्ण्यात तो १३.९च्या जवळपास यायला हवा.

मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपमधला दाब इथे थेट वापरू नये. तो आकडा बहुधा समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला असतो. म्हणून पांढुर्णा असो वा मुंबई, तो हजार मिलिबारच्या आगेमागेच दिसतो. गाडीला मात्र प्रत्यक्ष हवेचा दाब कळतो.

अपेक्षित आकड्याच्या दोन-तीन किलोपास्कल आत उत्तर आले, तर ही परीक्षा सेन्सर उत्तीर्ण झाला. पांढुर्ण्यात उभ्या गाडीत तो ८० किंवा ११० सांगत असेल, तर सेन्सर किंवा त्याचे वायरिंग सदोष आहे. काही ॲपमध्ये बाहेरच्या हवेचा दाब वेगळ्या रकान्यात दिसतो. ज्या गाडीत त्यासाठी निराळा सेन्सर नसतो, तिथे ईसीयू तो आकडा मॅप सेन्सरवरूनच घेतो. मग सेन्सर चुकला तरी दोन्ही रकाने एकमेकांशी जुळतात. म्हणून गावाची उंची हीच खरी साक्ष धरावी.

सेन्सर एका आकड्यावर अडकला आहे का, हे पाहण्याची सोय आपल्या रस्त्यांनीच करून ठेवली आहे. गाडी सुरक्षितपणे चालण्याजोगी असेल आणि लाल दिवा नसेल, तर निघताना सौंसरमध्ये आणि पोहोचल्यावर छिंदवाड्यात, दोन्हीकडे इंजिन बंद ठेवून व चावी चालू करून आकडा टिपावा. तो साडेतीन ते चार किलोपास्कलने उतरायला हवा. पांढुर्णा ते मुलताई या प्रवासात सुमारे तीनची घट अपेक्षित आहे. फ्रान्समध्ये १९ सप्टेंबर १६४८ रोजी ब्लेझ पास्कल यांच्या सूचनेवरून त्यांचे मेहुणे फ्लोरँ पेरिए पाऱ्याची नळी घेऊन प्यु द दोम हा डोंगर चढले आणि उंचीबरोबर हवेचा दाब घटतो, हे त्यांनी प्रत्यक्ष मोजून दाखवले. किलोपास्कल या एककात त्याच पास्कल यांचे नाव आहे.

इंजिन सुरू केल्यावर

पुढची पायरी इंजिन चालू करून पाहण्याची. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत गरम इंजिनाच्या आयडलिंगवर मॅप सेन्सरचा आकडा ३० ते ४५ किलोपास्कलपर्यंत उतरतो, कारण थ्रॉटल जवळपास बंद असतो आणि पिस्टन हवा ओढत असतात. उभ्या गाडीत चावीवर आकडा बरोबर होता, पण आयडलिंगवर तो ६०-६५च्या खाली येत नाही, असे दिसले तर सेन्सरवर संशय घेऊ नये. हवेची गळती, फाटलेली नळी, टायमिंगमधला दोष किंवा इंजिनाची झीज यांपैकी काहीतरी तिथे असते.

डिझेल गाडीला ही कसोटी लावू नये. आयडलिंगवर डिझेल इंजिनाची हवा सहसा पेट्रोल इंजिनासारखी अडवलेली नसते; त्यामुळे आकडा बाहेरच्या हवेच्या जवळपासच राहतो. तिथे चढावर रेस दिल्यावर आकडा शंभराच्या बराच वर जातो का, हे पाहावे. तो वाढतच नसेल, तर टर्बोच्या नळ्या, त्यांचे क्लँप आणि इंटरकूलर आधी तपासावेत. आकडे पाहण्याचे काम शेजारी बसलेल्याने करावे. चालकाने नजर रस्त्यावरच ठेवावी.

वायर, कनेक्टर आणि काजळी

चावीवरच आकडा चुकत असेल, तर सेन्सर विकत घेण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट डोळ्यांनी पाहण्याची. कनेक्टर काढून पिनांवर हिरवट गंज, पाणी किंवा तेल आहे का, ते पाहावे. गोठ्याशेजारी, संत्र्याच्या बागेत किंवा कापूस साठवलेल्या खोलीजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या बोनेटखाली उंदीर सहज घर करतात. वायरीवरचे दातांचे ठसे आणि आतला कचरा ही त्याची खूण.

दुसरी गोष्ट मल्टिमीटरने मोजायची. मॅप सेन्सरला सहसा तीन वायरी असतात : पाच व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि सिग्नल. चौथी असेल तर ती हवेच्या तापमानाची. चावी चालू असताना काढलेल्या कनेक्टरमध्ये पुरवठ्याच्या पिनेवर पाच व्होल्टच्या अगदी जवळचा आकडा मिळायला हवा. तो मिळत नसेल, तर नवा सेन्सरही चालणार नाही. एकाच वेळी दोन-तीन सेन्सरांचे कोड आले असतील, तर बहुधा त्यांचा सामाईक पाच व्होल्टचा पुरवठा कुठेतरी शॉर्ट झालेला असतो. सिग्नलचा व्होल्ट मात्र प्रत्येक सेन्सरच्या पल्ल्यानुसार वेगळा असतो, म्हणून इंटरनेटवरच्या एकाच आकड्यावर विसंबू नये.

तिसरी गोष्ट स्वच्छतेची. डिझेल गाड्यांत ईजीआरमधून येणारी काजळी सेन्सरच्या तोंडावर साचते आणि आकडा मंद होतो. इग्निशन बंद करून सेन्सर काढावा, इलेक्ट्रॉनिक भागांसाठीचा क्लीनर मारावा आणि पूर्ण वाळल्यावर बसवावा. छिद्रात सुई किंवा टाचणी घालू नये. आतला पातळ पडदा फुटतो. बसवताना रबरी रिंग जागेवर असल्याची खात्री करावी.

सेन्सर काढलेलाच असेल, तर त्याच्या तोंडाला घट्ट बसणारी स्वच्छ नळी आणि औषधाच्या दुकानात मिळणारी मोठी सिरिंज एवढ्यावर आणखी एक परीक्षा होते. कनेक्टर जोडून चावी चालू करावी आणि दट्ट्या हळूहळू ओढावा. आकडा सलग उतरला आणि सोडताच मूळ जागी परतला, तर सेन्सर निरोगी आहे. तो मध्येच उड्या मारत असेल किंवा हलतच नसेल, तर सेन्सर बदलण्याला आता आधार आहे.

डीपीएफच्या सेन्सरलाही हीच रीत लागू होते. इंजिन बंद असताना दोन्ही बाजूंचा दाब सारखा असतो, म्हणून फरक शून्याजवळ हवा. तसा नसेल, तर आधी सेन्सरकडे येणाऱ्या दोन नळ्या तडकल्या किंवा तुंबल्या आहेत का, ते पाहावे.

कुठे थांबावे

फ्युएल रेलला घरी हात लावू नये. कॉमन रेल डिझेलमध्ये दाब १,६०० बारपर्यंत आणि काही गाड्यांत त्याहूनही वर जातो. सैल केलेल्या जोडातून निघणारी बारीक चिळकांडी कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, तरी ती शस्त्रक्रियेची तातडीची बाब असते. या सेन्सरबाबत कोड लिहून घ्यावा आणि बाहेरून कनेक्टर पाहावा. त्यापुढचे काम जाणकारावर सोपवावे. एरवीही बोनेटखाली काम करताना गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि गमछा किंवा दुपट्टा काढून ठेवलेला असावा. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो.

सेन्सर बदलायचे ठरलेच, तर जुन्याच्या अंगावर छापलेला पार्ट नंबर टिपून घ्यावा. नागपूरहून सुटा भाग मागवताना गाडीचे नाव पुरेसे नसते. बाहेरून अगदी सारखे दिसणारे मॅप सेन्सर एक बार, अडीच बार, तीन बार अशा वेगवेगळ्या पल्ल्यांचे असतात. चुकीच्या पल्ल्याचा सेन्सर नीट बसतो, पण इंधनाचा सारा हिशेब बिघडवतो.

गॅरेजला जाताना एका कागदावर पाच गोष्टी लिहून न्याव्यात : आलेले कोड, बिघाड कोणत्या स्थितीत झाला, चावीवर दिसलेला आकडा व ते ठिकाण, आयडलिंगवरचा आकडा, आणि डिपस्टिकवरची ऑइलची पातळी. चांगल्या मिस्त्रीचा यात अर्धा तास वाचतो. नवा सेन्सर बसवल्यावर पैसे देण्यापूर्वी इंजिन बंद ठेवून चावी फिरवावी आणि आकडा पुन्हा पाहावा. पांढुर्ण्यात तो ९५-९६च्या घरात आला पाहिजे.